बाकीचं उद्या वाच

आये, तुला वाचता येत न्हवतं, त्यामुळं हे लिवताना एक बरं वाटतंय, की ह्यातल्या चुका तू काढणार न्हाईस. कुणाकडनं वाचून घ्यावं म्हणशील तर तिकडं तुझ्याजवळ आबा असतील, पण त्येंचा चष्मा इथंच राहिला, माझ्या कपाटात हाय. म्हणजे मला वाटंल ते लिवायला मी मोकळी. लहानपणी अशी मोकळीक मला कवा मिळाली न्हाई. तवा तुझा डोळा पाठीलाबी व्हता.

मी आता सांगलीला असते. तू हे घर बघितलेलं न्हाईस. तुझ्या जावयानं साखर कारखान्यात असताना बांधलं. त्येला बांधायची लय हौस. आज खिडकी सरकव, उद्या कट्टा वाढव, असं करत बांधताना जितका जगला तितका राहायला काय जगला न्हाई. तीन खोल्या हायत. एका खोलीत मी राहते अन् बाकीच्या दोन खोल्यांत फिरायला जाते. तुला वाटंल मी चेष्टा करते. करतेच हाय, पण जातेबी. सकाळी केर काढायच्या निमित्तानं जाते, दुपारी खिडकी लावायला जाते, संध्याकाळी दिवा लावून यायला जाते. घरात माणूस नसलं तरी खोलीला वाटाय नको की आपल्याला कुणी विचारत न्हाई.

त्या दोनातल्या मागच्या खोलीत कॉम्पुटर हाय. आता हे तुला कसं सांगू. टीव्ही तरी तू पाटलाच्या वाड्यात बघितला असतास, पण त्योबी तू गेल्यावर आला. तर एक डबडं हाय, त्येला काचेचं तोंड, म्होरं बटणांची एक फळी, अन् शेपटीचा एक उंदीर. उंदीर हातात धरून सरकवला की काचेवर बाण पळतो. तुझा नातू, ज्येला तू बघितलं न्हाईस, त्यो अमेरिकेत असतो. मागच्या खेपेला आला तवा हे सगळं मांडून गेला. म्हणला, आई, आता पत्राला पंधरा दिवस वाट बघायला नको, मी तिकडं लिहिलं की तुझ्या इथं लगेच उमटेल. मी म्हणलं, आणि पोस्टमन? म्हणला, पोस्टमन नाही, टेलिफोनच्या तारेतनं येतं. मला तेवढंच वाईट वाटलं. पोस्टमन आला की पाणी घ्या म्हणता यायचं, त्यो दोन घरच्या बातम्या सांगायचा. तारेला काय विचारायचं? तार नुसती किंचाळती. पत्र यायच्या आधी अशी किंचाळती, की वाटावं जात्यात खडा आलाय.

पत्र मराठीत असतं पण अक्षरं इंग्रजी. मी सातवीपर्यंतची. इंग्रजी अक्षरं वळखते, त्येंचं बोलणं मला कळत न्हाई. पण अक्षरं इंग्रजी अन् बोलणं आपलं, म्हटल्यावर जमतं. एकेक अक्षर काचेवर बोटानं धरते, तोंडानं म्हणते, मग ती मिळून आपली भाषा हुती. एक पत्र मला दुपारभर पुरतं. पोराला वाटतं आईला त्रास हुतोय, म्हणून त्यो थोडक्यात लिवतो. त्येला कुणी सांगावं, की बाबा, लांबव.

त्येला मुलगा हाय, दोन वर्षांवर काही महिन्यांचा. जावळ अजून काढलं न्हवतं. फोटो पाठवला त्यात सुनेनं केस वरती रबरानं बांधलेलं, मी त्या फोटोला विचारलं, काय गं, नाव काय तुझं? आपल्याकडं जावळ औंधच्या यमाईला काढत्यात, तुझ्याकडंबी अन् माझ्या सासरीबी. माझं तू तिथंच काढलंस. मी न्हाव्याच्या बोटाला चावले अन् त्यो म्हणाला, पोरगी हाय का मांजर, हे तू सगळ्या पाहुण्यांना सांगायचीस, माझ्या लग्नातबी सांगितलंस. तर मी पोराच्या मागं लागले, की जावळ औंधलाच. तुझी नाताळची सुट्टी अन् आपला पौष एकाच वक्ताला येतोय, तवा जत्राबी असती, या. त्यो म्हणला, बघतो, हापिसात विचारून कळवतो. तुला माहीत न्हाई, पण तुझ्या नातवाचा ‘बघतो’ लय मोठा असतो, त्यात सगळं बसतं. तर घट बसायच्या आधीपासनं मी त्येच्या पत्राची वाट बघत व्हते. त्यो येणार का न्हाई, एवढंच. जगात दुसरं काय चाललंय मला ठाव न्हवतं.

मग खंडेनवमी आली. तुझी खंडेनवमी मला अजून आठवती. सारवलेल्या पडवीत तू सगळं मांडायचीस. खुरपी, विळा, कुऱ्हाड, जातं, आबांची पलटणीची ट्रंक. घरात स्टोव्ह आला त्या वर्षी स्टोव्हबी रांगेत बसवलास. सगळ्यांना हळद, कुंकू, अक्षता, फूल. म्हणायचीस, आज ह्यांना कुणी हात लावायचा न्हाई, वरीसभर राबल्यात, आज ही माणसं बसल्यात. मी विचारलं, मग आज भाकरी कशावर? म्हणालीस, चुलीवर. मी म्हणलं, चूल न्हाई व्हय राबत? तू म्हणालीस, चूल देव हाय, देवाला सुट्टी नसती. मला ते लय पटलं न्हवतं. आता पटतं.

यंदा माझ्याकडं मांडायला काय हाय? विळी, मिक्सर अन् तुझ्या जावयाचा हत्यारांचा डबा, त्यातलं पाने-पकड सगळं गंजलं. मग मला वाटलं, आता जी खरी राबती ती कॉम्पुटरचीच मशीन. करंडा देव्हाऱ्याच्या मागं असतो. माझं कपाळ बंद झाल्यापास्नं त्येला मागंच ठेवलाय. गल्लीतल्या बायकांत हळदीकुंकू असलं की मला बोलवणं नसतं, नुसती डाळ अन् पन्हं घरी येतं, वर झाकण घालून. पण मशिनीच्या कपाळाला कोण हरकत घेणार? करंडा काढला. काचेच्या वरच्या अंगाला बोटं ओढली, फळीला ओढली, उंदराच्या पाठीवर एक ठिपका दिला. वर झेंडू ठेवला अन् ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, अगं चिमूटभर टाक, लगीन न्हाई लावायचं तिचं.

तुझा नेम मला पाठ व्हता. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा न्हाई. दिवसभर पाळला. पण दिवे लागायच्या वक्ताला त्या खोलीत फिरायला गेले अन् राहवलं न्हाई. म्हणलं पत्र आलंय का तेवढं बघते, फूल जागचं हलवत न्हाई. मशीन लावली. तार किंचाळली. अन् पत्र आलं की. मी त्येच्यावर बाण नेला अन् पोरानं शिकवल्यासारखं एंटरचं मोठं बटण दाबलं. पत्र उघडलं. ‘प्रिय आई, आम्ही मजेत आहोत.’ एवढं वाचलं न्हाई तोवर त्येच्यावर तेच पत्र परत उघडलं. ‘प्रिय आई, आम्ही मजेत आहोत.’ त्येच्यावर परत. एकाच्या डोक्यावर एक, पोळ्यांची चवड लावावी तशी पत्राची चवड लागली, प्रत्येक जण मजेत. मी म्हणलं, अरे कळलं, मजेत हायसा. मग बाणाच्या जागी वाळूचं घड्याळ आलं अन् मशीन बसली. बाण हलंना, पत्र वर जाईना, खाली येईना. पत्राचा वरचा अर्धा भाग तेवढा दिसत व्हता. थंडी पडाय लागली, मुलाला सर्दी झालती, नवी गाडी घेतली. अन् अगदी खाली, काचेच्या कडेला, शेवटची ओळ: ‘आणि आई, जावळाचं म्हणशील तर’.

त्या ‘तर’वर मशीन बसली.

मी काय काय केलं म्हणून सांगू. बटणं दाबली, उंदीर आपटला, तुझ्या म्हशीला थोपटावी तशी मागनं थोपटली. बंद करून परत लावली. लावली की आतनं टूं टूं टूं टूं करून वरडायला लागली, जशी काय मी तिच्या शेपटीवर पाय दिलाय. मग कसंबसं चालू व्हायची, पत्राच्या डब्यापतोर जायची, पत्र उघडायची, परत चवड, परत घड्याळ, परत ‘तर’. फोन करून विचारावं, तर विचारता आलं असतं. घरच्या फोनवरनं परदेश लागत न्हाई, पण नाक्यावर बूथ हाय. पण परदेशाच्या फोनात काय हुतं, त्यो म्हणतो बरी आहेस का, मी म्हणते बरी हाय, मी म्हणते तू बरा हायस का, त्यो म्हणतो बरा आहे, अन् तिकडं काचेत आकडं पळत असत्यात. शिवाय फोनवर माणूस पटकन सांगून टाकतं.

मला तवा तू आठवलीस. खरं म्हणजे त्या ‘तर’नं तुला खेचून आणलं. आबांचं पत्र आठव. पलटणीतनं यायचं, खाकी पाकीट, कडेगावच्या पोस्टाचा शिक्का. पोस्टमन वेशीवरनंच हाक मारायचा. मी शाळंतनं येईपतोर तू पाकीट फोडायची न्हाईस. फोडून तरी काय, पण फोडायची न्हाईस. मी आले की तू परात घेऊन चुलीम्होरं बसायचीस, पीठ मळायला घ्यायचीस अन् म्हणायचीस, वाच. पत्र आलं की तुला मळायला पीठ लागायचं, भाकरी झालेल्या असल्या तरीबी. मी उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचायची. आमी खुशाल हाय. तुमी खुशाल असशीला. बैलाच्या खांद्याला हळद लावत जा. पोरगी शाळंत जाती का. थोरल्या भावाला नमस्कार सांगावा. आबा असलं सगळं आधी लिवायचे. कामाची गोष्ट शेवटाला. तुझ्या नातवानं ते बरोबर उचललंय, आबांची एक गोष्ट त्येनं बघितली न्हाई, पण हे उचललं. तर मी वाचत वाचत खाली यायची अन् शेवटाला असायचं, ‘रजेचं म्हणशील तर’. तेवढं म्हणलं की तू परातीवर हात झटकायचीस.

“बास. बाकीचं उद्या वाच.”

“आये, एकच ओळ हाय खाली.”

“असू दे.”

“अगं पण रजेचंच हाय.”

“माहीत हाय मला. उद्याला काय तरी पाहिजे का नगं?”

पत्र घडी करून तू डाळीच्या डब्याखाली ठेवायचीस. अन् त्या दिवशी तुझं बघायला पाहिजे व्हतं. आबांची घोंगडी झटकून उन्हात टाकायचीस. कोंबडी मोजायचीस. शेजारणीनं विचारलं, काय म्हणत्यात फौजी, तर म्हणायचीस, अजून वाचायचंय की, अन् हसायचीस. मला तुझा राग यायचा. मला वाटायचं आमच्या आयला अक्कल न्हाई, जे समोर लिवलंय ते वाचून मोकळं व्हायचं सोडून ही घोंगडी झटकत बसलीया.

एकदा मी तुला न सांगता पत्र डब्याखालनं काढलं अन् गोठ्यामागं जाऊन ती शेवटची ओळ वाचली. रजा मिळाली न्हवती. परत ठेवून दिलं, जसंच्या तसं, घडीवर घडी. संध्याकाळी जेवायला बसले तर तू भाकरी टाकता टाकता एकदा माझ्याकडं बघितलंस.

“पुढचं वाचलंस व्हय?”

“न्हाई.”

“वाचलंस तर वाचलंस. तोंडावर कशाला आणलंस? जा, तोंड धुऊन ये.”

मारलं न्हाईस, ते लय लागलं. मी तोंड धुऊन आले तर माझ्या ताटात दूध-भाकरी कुस्करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी तू परात घेऊन बसलीस, मला म्हणालीस, हां, वाच. मी वाचलं. तू ते पहिल्यांदाच ऐकतीस असं ऐकलंस, मान हलवलीस, म्हणालीस, बरं. अन् पीठ मळत राहिलीस. मला त्या दिवशी कळलं न्हाई, मी काय चोरलं ते. ओळ तर तिथंच व्हती.

पुढं आबा पेन्शनीवर घरी आले, रोज समोर बसाय लागले, तवा त्येंचं बोलणं चालू झालं की तू मधीच म्हणायचीस, राहू द्या, बाकीचं उद्या सांगा. आबांना वाटायचं बायको थट्टा करती. व्हतीच थट्टा.

तर दसऱ्याच्या दिवशी दुपारी शेजारची सून सोनं द्यायला आली. साताऱ्याची पोर, इथं कॉम्पुटरच्या क्लासात शिकवती, मला मावशी म्हणती. मागच्या खोलीत मशीन टूं टूं करत व्हती ती तिनं ऐकली.

“मावशी, ही का अशी ओरडतीये?”

“साताऱ्याची असंल.”

“मी ओरडते होय? ऐका तरी. हा आवाज म्हणजे कुठलं तरी बटण दबून बसलंय. अक्षता किती टाकल्यात तुम्ही. थांबा, कीबोर्ड उलटा करून झटकते, एक मिनिटाचं काम आहे.”

“हात लावू नगंस. पूजलेली हाय.”

“मावशी, पूजा काल झाली.”

“झाली तरी दसरा उतरल्याबिगर पूजलेलं हत्यार कुणी उलटं करत न्हाई. आमच्याकडं न्हाई करत.”

“अन् चालू केलेलं चालतं?”

“मी म्हातारी हाय, मला सगळं चालतं. तुला अजून पोरंबाळं व्हायची हायत.”

ती हसली, आपट्याची पानं हातात ठेवली, पाया पडली. म्हणली, उद्या मी माहेरी चाललेय, आल्यावर बघते, तोवर कुणाला तरी दाखवा. मी म्हणलं, तू ये सावकाश, माझी काय नड हाय. पाया पडताना तिनं वर माझ्याकडं जरा बघितलं, पण ती कितीबी शिकलेली असली तरी ती काय तू न्हवं, तिला काय कळायचं न्हाई.

मग ती गेली अन् गल्ली शांत झाली. कोजागिरी झाली, मी दुधात केशर घालून एकटीनंच प्याले, केशर बाकी जास्त घातलं. रोज दुपारी जेवण झालं की मागच्या खोलीत जायची, मशीन लावायची. ती वरडायची, मी म्हणायची, हां हां, आले. पत्राची चवड लागायची. सगळे मजेत असायचे. मग ‘तर’. मग मशीन गप्प. तिथंच चहा आणून प्यायची. काचेतला उजेड तोंडावर यायचा, असं वाटायचं खोलीत कुणी तरी बसलंय अन् बोलता बोलता थांबलंय, आता पुढं बोलंल. आये, तुला सांगते, माणूस गेल्यावर घरात जे उणं पडतं ते बोलणं न्हवं. हे बोलता बोलता थांबणं उणं पडतं.

त्या दिवसांत मी गाद्या उन्हात टाकल्या. पुढच्या खोलीतला पंखा पुसला. तुझं जांभळं इरकली लुगडं, जे तू मला पहिल्या दिवाळसणाला दिलंस अन् जे मी नेसून नेसून विरवलं, त्येचा काठ तेवढा धड राहिलाय, त्यो कापला. रागावू नगंस. जावळ काढल्यावर पोराचं डोकं कोवळं असतं अन् पौषातली औंधच्या डोंगरावरची थंडी तुला म्हायती हाय. त्या काठाचं टोपडं शिवलं, कानाला बंद लावले. माप कुणाचं घ्यायचं, तर फोटोतल्या डोक्याला दोन बोटं लावली अन् अंदाजानं वाढवलं. ते टोपडं मशिनीच्या डबड्यावर घालून बघितलं. मशिनीला बरं दिसलं.

गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, गाद्या काढल्यात, कोण येतंय? मी म्हणायची, बघू, अजून पत्र पुरतं वाचायचंय. अन् हसायची. हसता हसता एकदा मला माझा आवाज ऐकू आला. तुझाच व्हता.

आज सकाळी ती सून साताऱ्यासनं आली. कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. पेढा माझ्या तोंडात असतानाच ती म्हणली,

“मावशी, तुम्ही औंधला गाडी ठरवायची म्हणत होता ना? ह्यांच्या मित्राची जीप आहे. पण पौषात जत्रेला लय मागणी, तो म्हणतोय आत्ताच सांगा. किती माणसं धरू?”

“किती म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही, तुमचा मुलगा, सून, बाळ. अजून कोणी?”

हातातला अर्धा पेढा मी ताटलीत ठेवला. आये, एवढं साधं विचारलं पोरीनं. इतके दिस मी गाद्या, पंखा, टोपडं सगळं केलं, पण माणसं मोजली न्हवती. मोजायचं म्हणलं की ती येणार तरी पाहिजेत, न्हाई तर न येणार तरी पाहिजेत. मी म्हणलं, दुपारी सांगते. ती म्हणली, मशीन झाली का नीट? का मी बघू? मी म्हणलं, मीच बघते.

तू मला सासरी धाडताना स्टोव्ह दिलास अन् स्टोव्हच्या पिनांची एक डबी. सगळ्यांसमोर म्हणालीस, हिला सैपाक येत न्हाई, निदान स्टोव्ह तरी पेटू दे, म्हणजे सासूला वाटंल काय तरी शिजतंय. बायका हसल्या. मी रडत व्हते, मीबी हसले. स्टोव्ह मोडीत गेला, घरात गॅस आला, पण त्या डबीत दोन पिना अजून हायत. पत्र्याच्या दांडीला बारीक तार. त्यातली एक घेतली. मशीन बंद केली. चष्मा लावला, तुला सांगते म्हणून हसू नगंस, आबांचाच लावला, त्येंच्या चष्म्यातनं जवळचं बरं दिसतं. एंटरच्या बटणाच्या अंगाला तार घातली, जरा तिरकी केली, उचलली. तांदळाचा एक दाणा वर आला, कुंकवानं रंगलेला, कडंला चिकटून बसलेला. बटण टक् करून वर आलं, इतके दिस दाबून धरलेला श्वास सोडल्यागत.

मशीन लावली. वरडली न्हाई. मला ते उगीच भकास वाटलं. पत्र उघडलं, एकदाच उघडलं. मी उंदीर धरून खाली खाली आले. ‘आणि आई, जावळाचं म्हणशील तर केस इथंच कापले. डोळ्यांत जात होते, पाळणाघरातल्या बाई रोज सांगायच्या. ह्या वर्षी सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की बघतो. केस टाकले नाहीत. पाकिटात घालून पोस्टाने पाठवले आहेत. तू औंधला जाशील तेव्हा देवीला वाहा. रागावू नकोस.’

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं न्हाई, कारण आता ते हलत न्हवतं, बदलत न्हवतं. पोरगं वाईट न्हाई, आये. केस टाकले न्हाईत बघ. तिकडं न्हाव्याच्या दुकानात वाकून त्येनं फरशीवरनं गोळा केलं असतील, लोक बघत असतील. ते मला दिसलं. त्यात त्यो आबांसारखा दिसला, पलटणीत खाकी पाकीट हातात धरून उभा, असा, रजा न मिळालेला.

मग उठले अन् मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

त्येला उत्तर लिवलं. एकेक अक्षर शोधत, तुझ्या भाषेत सांगायचं तर दाणा दाणा निवडत. लिवलं, मशीन बिघडली व्हती म्हणून पत्र आज वाचलं. केस पोचले की कळवते. केसं गाडीनं नेणार न्हाई, मांडीवर घेऊन एस्टीनं नेते, अर्धं तिकीट लागलं तर तुझ्याकडनं घेते. टोपडं शिवलंय ते पाठवते, बाळाला झालं न्हाई तर तू घाल, तुझंबी टक्कल पडाय लागलंय, फोटोत दिसलं. एंटर दाबलं. बटण खाली गेलं अन् वर आलं. पत्र गेलं. शेजारी जाऊन सांगितलं, जीप नगं, मी एकटीच हाय. ती म्हणली, मी येऊ का मावशी तुमच्या संगं, मला सुट्टी आहे. मी म्हणलं, बघू. मलाबी म्हणता येतं की बघू.

आता हे पत्र. हे कुठल्या तारेत घालायचं न्हाई अन् कुठल्या पेटीत टाकायचं न्हाई. घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवते. अन् एक राहिलंय ते सांगून टाकते, तू पाठीच्या डोळ्यानं बघितलंच असशील म्हणा. त्यो दाणा मला आज दिसला न्हाई. दसऱ्याच्या दिवशी सकाळीच दिसला व्हता, शेजारची पोर यायच्या आधी. एंटरच्या कुशीला, लाल. पिनबी तवाच काढली व्हती. परत डबीत ठेवली.